सिकलसेलच्या दुखण्यातला पहिला अर्धा तास

थंडी पडली की आमच्या कॅज्युअल्टीत सिकलसेलचे, म्हणजे लाल पेशी वाकड्या होण्याच्या जन्मजात रक्तविकाराचे, पेशंट वाढतात. दिवाळी आटोपते, पहाटे धानाच्या बांध्यांवर धुकं बसायला लागतं, आणि रात्रपाळीची सिस्टर आल्याआल्या गरम पाण्याच्या पिशव्या शाबूत आहेत का ते बघते. कधी आश्रमशाळेतलं पोरगं येतं, सोबत मफलर गुंडाळलेले अधीक्षक. कधी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी. भर मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात पुन्हा तीच गर्दी, कारण दिवसभर जंगलात फिरून अंगातलं पाणी आटलेलं असतं. आणि रोवणीच्या दिवसांत बायका येतात. गुडघाभर चिखलपाण्यात वाकून दिवस काढायचा, वरून पावसाची झड, आणि रात्री मांड्या-पोटऱ्या अशा ठणकतात की खाटेवर कूस बदलता येत नाही.

मी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. गावाचं नाव लिहीत नाही, पेशंटचीही नाही. आमच्याकडे माणूस ओळखायला तेवढी खूण पुरते. मी स्वतः एएस आहे, म्हणजे वाहक. मला त्रास काही नाही. पण माझं लग्न जुळवताना बाबांनी मुलाची नोकरी विचारायच्या आधी त्याचा पॅटर्न, म्हणजे सिकलसेलच्या रक्ततपासणीचा निकाल, विचारला होता, आणि तिकडून एए, म्हणजे दोष नाही, असं आल्यावरच पुढची बोलणी झाली. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस, म्हणजे आजार असलेलं, निघण्याची शक्यता चारात एक असते. माझ्या काकांच्या घरी ते झालं. माझा चुलतभाऊ एसएस आहे, आणि लहानपणी त्याच्या दुखण्याच्या रात्री मी भिंतीपलीकडून ऐकल्या आहेत.

मला सांगायचं आहे ते असं. सिकलसेलचं दुखणं उठलेला माणूस दारात आला, की त्याचं दुखणं उतरवणं हेच पहिलं काम. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, रेफरची चिठ्ठी, सगळं त्याच्या मागून. अर्ध्या तासाच्या आत दुखण्यावरचं पहिलं औषध अंगात गेलेलं असलं पाहिजे. हे माझं मत म्हणून सांगत नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनं २०१२ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे: पेशंट आल्यापासून ३० मिनिटांत वेदनाशामक द्या, आणि दुखणं आटोक्यात येईपर्यंत दर ३० मिनिटांनी पुन्हा विचारा. अमेरिकेतल्या रक्तविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली एक तासाची मर्यादा घातली. आमच्याकडे मात्र अजूनही कितीतरी ठिकाणी पेशंट बाकावर आडवा पडून असतो आणि नातेवाईक लॅबच्या खिडकीशी उभा असतो.

एवढी घाई का, हे समजायला आत काय चाललंय ते माहीत पाहिजे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, मूळ बिघाड एवढाच. पण या हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ तंतू होतात. लाल पेशी वाकडी होते, कडक होते, रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बसते. पावसाळ्यात रस्त्याखालच्या मोरीत काटक्या-पाला अडकून पाणी तुंबतं, तसं बारीक रक्तवाहिन्यांमध्ये रक्त तुंबतं. पलीकडच्या हाडाला, हाडातल्या मगजाला रक्त पोचत नाही आणि तो भाग मरायला लागतो. म्हणून हे दुखणं हाडाच्या आतून येतं. मांडी, नडगी, कंबर, पाठ, दंड, छातीच्या फासळ्या. लहान बाळांना हातापायाची बोटं सुजून येतात. आईला वाटतं काही चावलं. पहिले काही महिने गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळतं, ते ओसरलं की साधारण सहा महिन्यांनंतर त्रास सुरू होतो. थंडी, ताप, पाणी कमी पडणं, अतिश्रम, मनावरचा ताण, यातलं काहीही निमित्त होतं, आणि कधी कधी काहीच निमित्त सापडत नाही. एकदा उठलेलं दुखणं आठवडाभरही चालतं.

आणि बाहेरून काही दिसत नाही, अडचण ही आहे. जखम नाही, प्लास्टर नाही, बहुतेक वेळा एक्स-रे साफ असतो. रक्ताच्या कुठल्याही तपासणीतून ‘हा क्रायसिस आहे’, म्हणजे सिकलसेलचं दुखणं उठलंय, असं कळत नाही. हिमोग्लोबिन नेहमीइतकंच असू शकतं, नाडी आणि बीपीसुद्धा. दुखणं किती आहे हे कळायला पेशंटचं तोंड हा एकच मार्ग आहे. तो सांगतो ते खरं धरायचं.

जानेवारीतली एक रात्र सांगते. दोनच्या सुमारास मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आश्रमशाळेतला नववीतला मुलगा आणला. घोंगडीत गुंडाळलेला. रडत नव्हता, ओरडत नव्हता. इतका गप्प की केसपेपर काढणाऱ्यानं विचारलं, “पेशंट कोण आहे यातला?” मी जवळ गेले तेव्हा दिसलं, घोंगडीचं टोक त्यानं दातात धरलं होतं आणि जबडा सोडत नव्हता. डोळे उघडे, छताकडे. मी विचारलं, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याच्यापेक्षा जास्त दुखूच शकत नाही, तर आता किती? तो म्हणाला, “नऊ. मागल्या खेपी दहा होतं.”

ही मुलं रडत नाहीत. तान्हेपणापासून हेच सोसत आलेली असतात. रडून काही होत नाही हे शिकलेली असतात, आणि रडलं की वसतिगृहातली बाकीची पोरं हसतात हेही. गप्प पोर म्हणजे कमी दुखणारं पोर असा हिशेब इथे लागू होत नाही.

मग मी नेहमी विचारते तो प्रश्न: मागच्या वेळी कशानं उतरलं होतं? तो म्हणाला, “गोळीनं नाही जात जी. सुई लागते.” आणि स्वतःच डावा हात घोंगडीतून बाहेर काढून अंगठ्याच्या बाजूची नस दाखवली. “इथली भेटते. उजव्या हाताच्या साऱ्या बसल्या.” तरी नस वर यायला तयार नव्हती. थंडीत या पेशंटच्या नसा आत ओढल्या जातात, आणि चार वेळा टोचून झाल्यावर तर पार दिसेनाशा होतात. अशा वेळी मी रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरते, मनगटाकडे गाठ मारते आणि तो फुगलेला हातमोजा पाच मिनिटं त्या नसेवर ठेवते. पाणी आधी आपल्या हाताला लावून पाहायचं, चटका बसता कामा नये. नस हळूहळू वर येते. तेवढ्या वेळात तोंडानं पॅरासिटामॉल गेलेलं असतं. नस मिळेपर्यंत औषध थांबवून ठेवायचं काही कारण नाही.

डॉक्टर आले, मॉर्फिनचा डोस वजनावरून ठरला, नसेतून सावकाश दिला. अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं: सात. पुन्हा थोडा डोस. मध्ये मध्ये मी त्याचा श्वास मोजत होते, मिनिटाला किती, आणि हाक मारली की डोळे उघडतो का ते बघत होते, कारण मॉर्फिननं श्वास मंदावतो आणि उतारा म्हणून नालोक्सोन ट्रेमध्ये तयार ठेवावं लागतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो चार म्हणाला आणि घोंगडीचं टोक सुटलं. त्यानंतर रक्त घेतलं, मलेरियाची तपासणी केली. आमच्या जिल्ह्यात मलेरिया इतका की अंग गरम लागो न लागो, ही तपासणी मी चुकवत नाही. वाहकाला सिकलचं जीन मलेरियापासून थोडं वाचवतं, म्हणूनच ते या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. पण एसएस असलेल्या पेशंटला मलेरिया झाला तर तो जिवावर बेततो.

डोस मी मुद्दाम लिहीत नाही. वय, वजन, किडनी, आधी घेतलेली औषधं हे बघून डॉक्टरांनीच तो ठरवायचा. पण रीत सगळ्यांना माहीत असावी. दुखणं मध्यम असेल तर पॅरासिटामॉल, जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लो, मात्र किडनीचा त्रास, गरोदरपण किंवा फार पाणी आटलेलं नसेल तरच. जास्त असेल तर मॉर्फिनसारखं औषध लागतंच, आणि पॅरासिटामॉल त्याच्या सोबत चालू राहतं. औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं. पेशंटनं पुन्हा कळवळून मागावं आणि मग आपण द्यावं, यात त्याचा रात्रभर छळ होतो. कुल्ल्यावर सुई मारायची सवय सोडायला हवी. ती सुई स्वतः दुखते, औषध किती आणि कधी लागू पडेल याचा भरवसा नसतो, आणि वारंवार तिथेच टोचून गळू होतात. पेथिडीन या दुखण्याला वापरू नये असं नाइसनं स्पष्ट म्हटलंय. त्याचा अंश शरीरात साठून झटके येऊ शकतात. शेकायचं तर गरमच, बर्फ कधीच नाही. खेळाडूला चालतो तो बर्फ इथे रक्तवाहिन्या आणखी आवळतो.

आता ज्यानं माझा जीव तुटतो ते. ‘नाटक करतो.’ हे शब्द मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेत, सिस्टरांच्या, वॉर्डबॉयच्या, आणि पेशंटच्या सख्ख्या मामाच्याही. मघाशी मोबाईलवर काही पाहत होता, आता म्हणतो नऊ. झोपला होता की, मग दुखतं कसं? दर महिन्याला येतो, सुईची सवय लागलीय. औषधाचं नाव आणि डोस तोंडपाठ आहे, म्हणजे नक्कीच नशा करतो. अरे, जन्मभर दुखणाऱ्या माणसानं मोबाईलमध्ये मन रमवायचं नाही तर काय करायचं? तीन रात्रींचं जागरण झालं की दुखत असतानाही डोळा लागतो. आणि डायबेटीसच्या पेशंटनं इन्सुलिनचे युनिट बिनचूक सांगितले तर आपण त्याला शहाणा म्हणतो. सिकलसेलच्या पेशंटनं आपलं औषध सांगितलं तर तो संशयित कसा होतो? व्यसनाची भीती अगदीच खोटी नाही, पण क्रायसिसमध्ये नीट मोजून, नीट लक्ष ठेवून दिलेल्या मॉर्फिननं व्यसनी झालेला पेशंट माझ्या पाहण्यात नाही. अर्धवट उपचार घेऊन परत परत येणारे मात्र भरपूर पाहिले.

एक बाई होती, रोवणीतली, तिशीच्या आतली. एका ठिकाणी तिला कुल्ल्यावर डायक्लोची एक सुई देऊन घरी पाठवलं होतं. फासळ्यांत दुखत होतं. सुईनं काही झालं नाही, घरी ती दोन रात्री उशीला टेकून बसली, कारण आडवं पडलं की कळ यायची. श्वास अर्ध्यावर तुटत होता. आमच्याकडे आणली तेव्हा ताप होता, खोकला होता, रक्तातला ऑक्सिजन ९१ टक्के. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढरा डाग. याला अक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात, आणि सिकलसेलमध्ये माणसं दगावतात त्याचं हे एक मोठं कारण आहे. बऱ्याचदा सुरुवात अशीच होते: फासळ्या दुखतात म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, फुप्फुसाचा तळ मिटतो, तिथे ऑक्सिजन पोचत नाही, ऑक्सिजन कमी पडला की पेशी आणखी वाकतात. दुखणं वेळेत उतरवणं हे नुसतं दया म्हणून करायचं काम नाही, फुप्फुस वाचवायचं काम आहे. औषध लागू पडून पेशंट शुद्धीत बसता झाला की आम्ही त्याच्या हातात तीन चेंडूंचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं साधन, देतो. जागेपणी दर दोन तासांनी दहा श्वास, आत ओढून. मुलं पैज लावून करतात.

त्या बाईला ऑक्सिजन, अँटिबायोटिक सुरू करून, दुखण्याचं औषध देऊन मगच १०८ मध्ये बसवलं. हे ‘देऊन मगच’ मला महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडून मोठ्या रुग्णालयात जायचं म्हणजे कित्येक तासांचा रस्ता, आणि हाडं दुखणाऱ्या माणसाला प्रत्येक खड्डा कळतो. तिला तिकडे रक्त चढवावं लागलं. ती वाचली. पुढच्या वर्षी मुलाचा पॅटर्न तपासायला स्वतः घेऊन आली.

रक्ताचा विषय निघाला म्हणून. बाहेरून नवीन आलेले डॉक्टर पहिल्यांदा सिकलसेलचा रिपोर्ट बघतात, हिमोग्लोबिन साडेसात दिसतं, आणि लगेच रक्त चढवायला सांगतात. पण या पेशंटच्या लाल पेशी दहा-वीस दिवसच जगतात, आपल्या जगतात १२० दिवस. त्यामुळे सात-आठ हे कितीतरी जणांचं नेहमीचं हिमोग्लोबिन असतं, त्यावर ते शेती करतात, शाळेत जातात. नुसत्या दुखण्यासाठी रक्त चढवायचं नसतं. विनाकारण चढवलं तर रक्त घट्ट होऊन आणखी तुंबू शकतं, आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा जुळणारं रक्त मिळणं अवघड होतं. नेहमीच्यापेक्षा एकदम खाली आलं असेल, छातीचा त्रास असेल, पक्षाघात असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून प्रत्येक पेशंटला स्वतःचं ‘नेहमीचं’ हिमोग्लोबिन माहीत असावं.

सलाईनचंही तसंच. आमच्या भागात सलाईन लागली नाही तर उपचार झाला असं कोणी मानत नाही, नातेवाईक बाटल्या मोजतात. पेशंट पाणी पिऊ शकत असेल तर तोंडानं पाणी, ताक, ओआरएस उत्तम. पिऊ शकत नसेल, उलट्या होत असतील तर सलाईन हवीच, पण मोजून. बाटल्यांवर बाटल्या ओतल्या की ते पाणी फुप्फुसात साठतं, आणि वर सांगितलेला छातीचा त्रास आपणच ओढवून घेतो. ऑक्सिजनही ९५ च्या खाली गेला तरच. नाकाला नळी लावली की घरच्यांना धीर येतो, हे मला कळतं, पण ९८ असलेल्या पेशंटला तिचा उपयोग नाही. धीर द्यायला आपण शेजारी उभं राहून बोलू शकतो.

मॉर्फिनचं काय, हा प्रश्न लहान रुग्णालयात काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणी लगेच विचारतील. मी आधी जिथे होते तिथे ते नव्हतंच. त्याच्याही आधी एका ठिकाणी होतं, डबल लॉकच्या कपाटात, आणि चावी ज्यांच्याकडे ते रजेवर. आपल्या देशात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्यानं अफू पिकते; नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्यानं मात्र परवान्यांचं असं जंजाळ झालं की रुग्णालयांनी हे औषध ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली, आणि मान्यताप्राप्त संस्थेला पाच-सहा परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकांची एक मान्यता पुरेल अशी सोय झाली. ही सोय किती जणांना माहीत आहे? अर्ज कोणीतरी करायला लागतो, रजिस्टर कोणीतरी रोज लिहायला लागतं. ते काम सिस्टरच करू शकतात, आणि केलं पाहिजे असं मी प्रत्येक प्रशिक्षणात हात वर करून सांगते. मॉर्फिन नसेलच तर हात बांधून बसायचं नाही: नसेतून पॅरासिटामॉल, ट्रामाडॉल, आणि चालत असेल तर डायक्लो, हे एकत्र सुरू करायचं. एक देऊन दोन तास वाट पाहायची, मग दुसरं, असं नाही. आणि त्यानं उतरत नसेल तर लगेच पुढे पाठवायचं.

आता घरच्यांसाठी. दुखणं उठतंय असं वाटलं की लगेच पाणी प्यायला सुरुवात, अंग गरम ठेवणं, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी वेळेवर. घरी उतरलं तर बरंच. पण छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, ताप १०१ च्या वर असेल, बोलणं जड झालं, हात-पाय लुळा पडला, डोकं असह्य दुखतंय, लहान मूल अचानक पांढरंफटक पडून पोट डावीकडे फुगलंय (ती पांथरी असते, तिच्यात रक्त साठतं आणि काही तासांत मूल जातं), गरोदर बाई आहे, मुलाच्या किंवा पुरुषाच्या लिंगाला ताठरपणा येऊन दोन तासांत उतरला नाही, तर एक मिनिट घरी थांबू नका. हे शेवटचं सांगायला पोरं लाजतात आणि उशीर करतात. आईनं नाही तर बापानं, शाळेतल्या सरांनी त्यांना आधीच सांगून ठेवावं की हाही सिकलसेलचाच त्रास आहे. पुजाऱ्याकडे जायचं असेल तर मी कोणाला अडवत नाही, माझी आजीही जायची. आधी आमच्याकडे या, पुजाऱ्याकडे नंतर जा.

खिडकीवर आलात की पहिलं वाक्य हे बोला: “एसएस आहे, क्रायसिस आहे, दुखणं एवढं आहे.” ‘अंगदुखी आहे जी’ म्हणालात तर तुमचा नंबर तापखोकल्याच्या रांगेत लागतो. सिकलसेलच्या कार्डाचा, चालू औषधांचा, मागच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. कार्ड असलं की एसटीचा प्रवासही फुकट आहे, फेरतपासणीला यायला त्याचा उपयोग करा.

क्रायसिस मुळात कमी यावेत यासाठी हायड्रॉक्सीयुरिया आहे. माझा चुलतभाऊ ते रोज घेतो. आधी तो पावसाळ्यात दोनतीनदा ॲडमिट व्हायचा, आता कित्येक पावसाळे आमच्याकडे आलेला नाही, किराणा दुकान चालवतो, पोरीला सायकलवर शाळेत सोडतो. या औषधानं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि पेशी वाकायचं प्रमाण घटतं. ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं, गरोदरपणात चालत नाही, आणि मध्येच बंद केलं की फायदा जातो. सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतं. पण पुरात रस्ता बंद झाला की गोळ्या संपतात, म्हणून जूनमध्येच जास्तीच्या महिन्यांचा साठा मागून घ्या, आशाताईंना आठवण करा.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ चं लक्ष्य. तपासणी झालीच पाहिजे. आपल्या राज्यातल्या भिल्ल, पावरा, माडिया, परधान समाजांत वाहकांचं प्रमाण फार मोठं आहे, आणि नागपुरातल्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं त्याला आता साठाहून अधिक वर्षं झाली. पण ज्यांचा पॅटर्न एसएस आला त्यांना आज रात्री दुखणार आहे. शिबिराच्या खर्चाबरोबर प्रत्येक कॅज्युअल्टीत मॉर्फिन, स्पायरोमीटर आणि हे शिकलेली एक सिस्टर एवढं तरी बसवा, अशी माझी मागणी आहे.

आमच्याकडे आम्ही एक फाईल केली आहे. नेहमीच्या पेशंटचं प्रत्येकी एक पान: नेहमीचं हिमोग्लोबिन, नेहमीचा ऑक्सिजन, कुठलं औषध लागू पडतं, कुठल्या हाताची नस मिळते, कशाची ॲलर्जी. बाँडवर येणारे डॉक्टर दर वर्षी बदलतात, फाईल तिथेच राहते. रात्री तीनला नवीन माणसाला सगळा इतिहास पुन्हा सांगायची पाळी पेशंटवर येत नाही.

आणि एक गोष्ट त्या नववीतल्या मुलाकडून कळली, ती आता मी सगळ्या अधीक्षकांना सांगते. सिकलसेलमध्ये किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, त्यामुळे या मुलांना लघवी जास्त होते, मोठ्या वयापर्यंत अंथरुण ओलं होतं. वसतिगृहाचा संडास अंगणापलीकडे, थंडी, अंधार, साप-विंचवाची भीती, आणि अंथरुण ओलं झालं तर चिडवणारी पोरं. म्हणून तो संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नव्हता. पुढच्या महिन्यात आमच्या भागातल्या आश्रमशाळांच्या अधीक्षकांची बैठक आहे. मी तिथे तीन गोष्टी मागणार आहे: एसएस मुलांना दाराजवळची खाट आणि रात्री सोबत यायला एक कामाठी, अंघोळीला गरम पाणी, आणि दुसरी घोंगडी. गादीवर टाकायच्या रबरी चादरी आमच्या स्टोअरमधून देता येतील का, ते इन्चार्ज सिस्टरांना विचारलंय.